१९३३ चा डाव परत मांडतोय: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

सुरुवात करतोय एकदाची. प्रकल्प फार मोठा नाहीये, होन्इन्बो शूसाई विरुद्ध गो सेइगेन हा गो खेळातला जुना डाव मराठीत चालवून दाखवायचा, चालीगणिक नोंदी टाकून, आमच्या रविवारच्या चौघांच्या ग्रुपसाठी. चौघंही पुण्यातच, दोघं जपानी भाषेच्या क्लासमधून या नादाला लागलेले, एक आयटीवाला आणि एक मी. मराठीत लिहायचं कारण सरळ आहे, मराठीत 'गो' शोधलं की गाई येतात. गोरक्षण, गोमूत्र, गोदान, सगळं येतं, हा खेळ काही येत नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १९ उभ्या १९ आडव्या रेषा, त्यांचे ३६१ छेद, छेदावर खडा ठेवायचा, एकदा ठेवला की हलवायचा नाही, चारी बाजूंनी कोंडला तर उचलला जातो. काळा आधी खेळतो. शेवटी कुणी जास्त जागा घेरली ते मोजायचं. नियम एवढेच, बाकी सगळं आयुष्यभर चालतं.

हाच डाव का, तर मी आजवर त्याची जेवढी परीक्षणं पाहिली त्यात सगळे जण चाली तपासतात, आणि मला असं वाटायला लागलंय की या डावात जे खरं घडलं ते चालींमध्ये नाहीच आहे. बघू, कामातून दिसेल.

१० जून, मंगळवार

फाइल उघडली. २५२ चाली. पहिल्या पाचातच दोन तास गेले.

गो सेइगेन तेव्हा १९ वर्षांचा, ५ दान (दान म्हणजे खेळाडूच्या दर्जाची पायरी), चीनमधून १९२८ साली पोरवयात जपानला आणलेला, चिनी नाव वू छिंगयुआन. समोर शूसाई, वय ५९, मेइजिन म्हणजे त्या काळची सर्वोच्च पदवी, ९ दान, आणि शेकडो वर्षं चालत आलेल्या होन्इन्बो घराण्याचा एकविसावा आणि शेवटचा वारस. आपल्याकडे गायकीच्या घराण्यात खलिफा असतो तसं समजा, फक्त इथे खलिफासमोर बसून स्पर्धा खेळायची.

काळे खडे सेइगेनकडे. काळ्याची पहिली चाल वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन-तीनवर. म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषेवर, कोपऱ्यात अगदी आत. होन्इन्बो घराण्यात ही जागा सुरुवातीला निषिद्ध होती, तिला 'किमोन' म्हणायचे, भूतपिशाच्च यायचं दार. दुसरी काळी चाल त्याच्या बरोबर तिरक्या समोर, खालच्या डाव्या कोपऱ्यात चार-चारवर. आणि तिसरी तेंगेन, पटाच्या ऐन मधोमध.

माझ्याकडे लाकडी पट आहे, स्वस्तातला, त्यावर हे तीन खडे मांडले आणि जरा मागे सरकून पाहिलं. तिन्ही काळे खडे एका तिरक्या रेषेत येतात, कोपरा, मध्य, कोपरा. पांढऱ्याने उरलेल्या दोन कोपऱ्यांत जुन्या शिस्तीचे खडे ठेवलेत. म्हणजे अख्ख्या पटावर पाच खडे आहेत आणि त्यात दोन पिढ्या दिसतायत. आज कुणी असं खेळलं तर आपण म्हणू गंमत करतोय, तेव्हा मात्र लोक खवळले होते, मेइजिनचा अपमान केला म्हणून.

त्याच्या डोक्यात अपमान होता असं मला वाटत नाही. त्याच उन्हाळ्यात तो आणि कितानी मिनोरू, दुसरा एक गो खेळाडू, दोघं नागानोमधल्या जिगोकुदानीला गरम पाण्याच्या कुंडापाशी राहिले होते, कितानींच्या सासुरवाडीचा मुक्काम, आणि तिथे दोघांनी मिळून सुरुवातीच्या चालींचा सगळा विचारच उलटा केला. शिन-फुसेकी म्हणतात त्याला, नवी मांडणी. कोपरे सावकाश भरत बसण्यापेक्षा मध्यावर आणि वेगावर भर. (जिगोकुदानी म्हणजे तेच, बर्फात गरम पाण्यात डोळे मिटून बसलेल्या लाल तोंडाच्या माकडांचे फोटो येतात ना, ते ठिकाण.) तर पोरगं नवीन शिकलेलं घेऊन आलं होतं, इतकंच.

१४ जून, शनिवार

आजचा दिवस वाया. काटागो, म्हणजे गो खेळणारं इंजिन, लावलं लॅपटॉपवर आणि रात्रभर अख्खा डाव चाळायला ठेवला. सकाळी चहा घेऊन बघतो तर पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत पांढरा पुढे. मला आनंद झाला, म्हटलं काहीतरी नवीन सापडलं, ९० वर्षं सगळे म्हणतायत काळा बराच वेळ पुढे होता आणि इंजिन उलट सांगतंय, ग्रुपवर तसा मेसेजही टाकून बसलो.

मग दुपारी ट्यूब पेटली. कोमी!

कोमी म्हणजे काळ्याला आधी खेळायला मिळतं म्हणून पांढऱ्याला शेवटी भरपाईचे गुण देतात, आज जपानी नियमात साडेसहा. माझ्या सेटिंगमध्ये तेच होतं. १९३३ ला कोमी नव्हताच. पहिल्या चालीचा फायदा पूर्ण काळ्याच्या खिशात, साधारण सहा गुणांचा. म्हणजे मी रात्रभर इंजिनला वेगळाच डाव विचारत होतो. कोमी शून्य करून परत चालवलं, तर आता काळा सुरुवातीला पुढे, त्या तीन विचित्र चालींनंतरही पुढेच. मधले आकडे इथे टाकत नाही, किती खोल शोधायला सांगितलं त्यावर ते बदलत राहतात आणि मग लोक आकड्यावरच भांडतात.

ग्रुपवर चूक कबूल केली. आयटीवाल्याने हसणाऱ्या तोंडाच्या सहा इमोजी पाठवल्या.

यातून एक बरं झालं, पांढऱ्याने काय केलं ते आता नीट कळतंय. कोमी नसताना, दुसऱ्यांदा खेळून, शूसाई हा डाव दोन गुणांनी जिंकला.

१६ जून, सोमवार

आज चाली बाजूला ठेवल्या आणि कॅलेंडर घेतलं. डाव सुरू १६ ऑक्टोबर १९३३, संपला २९ जानेवारी १९३४. मोजून बघितलं, दोन्ही सोमवार. मध्ये १०५ दिवस, बरोबर १५ आठवडे. खेळ झाला १४ दिवस, म्हणजे डाव १३ वेळा थांबला. टोक्योत क्योबाशी भागातलं काजीबाशी नावाचं निवासस्थान, योमिउरी वर्तमानपत्राने भरवलेला सामना, दोघांना विचार करायला प्रत्येकी २४ तास.

आता मुद्दा. थांबवायचं कधी हे कोण ठरवणार? तर शूसाई. ज्येष्ठाचा तो मानच होता, पांढरे खडे घेऊन बसलेल्या वडीलधाऱ्याने म्हणायचं आज इथे थांबू, याला उचिकाके म्हणतात. आणि तो थांबवायचा स्वतःची चाल असताना. म्हणजे समोरच्याने आपला खडा ठेवलाय, सगळं उघडं आहे, आता मी घरी जातो, पुढच्या बैठकीत येऊन उत्तर देतो. घरी काय होतं? घरी शिष्य असतात. तेही साधेसुधे नाहीत, होन्इन्बो घराण्याचे शिष्य. डाव मांडून चर्चा चालायची हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं, गुपित नव्हतं.

घड्याळ दोघांना सारखंच दिलं होतं, पण कॅलेंडर एकट्या शूसाईच्या हातात होतं, आणि चालींची फाइल फक्त चाली ठेवते. एसजीएफमध्ये (गोच्या चालींची फाइल ज्या प्रकारात असते तो) तारखेचं खानं आहे, कोमीचं आहे, निकालाचं आहे, कुणाचा किती वेळ उरला त्याचंही आहे, 'इथे डाव थांबला' याचं नाही. पंधरा आठवड्यांचा डाव असो नाहीतर जेवणानंतर तासाभरात संपवलेला, फाइलमध्ये सेमच दिसणार. काटागोलाही तेच दिसतं, १५९ नंतर १६०, मध्ये काही नाही.

ठरवलं, नोंदींमध्ये चालींच्या खाली एक पट्टी द्यायची, १४ चौकटींची, आणि जाड खुणा फक्त तीन ठिकाणी करायच्या, पहिला दिवस, आठवा, तेरावा. सगळ्या १३ ठिकाणी खुणा केल्या तर वाचणारा चाली सोडून खुणाच बघत बसेल.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामाला, आमच्या बाजूचे रस्ते बंद, त्यामुळे घरीच. बाबांना पट्टी दाखवली. बाबा गो खेळत नाहीत, बुद्धिबळवाले, तरुणपणी पोस्टकार्डावर डाव खेळलेत, एक एक डाव वर्ष वर्ष चालायचा.

"म्हणजे स्वतःची चाल आली की घरी जायचं?"

"हो ना बाबा. मानच होता तो."

"अरे मान कसला, बंद पाकीट का नाही केलं?"

बरोबर आहे त्यांचं. बुद्धिबळात डाव दुसऱ्या दिवसावर जायचा तेव्हा ज्याची चाल असेल त्याने ती कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचाकडे द्यायची, दुसऱ्या दिवशी पाकीट फोडायचं. म्हणजे एकाला स्वतःची चाल माहीत आहे पण बदलता येत नाही, दुसऱ्याला वेळ आहे पण चाल माहीत नाही. दोघंही रात्री सारखेच तळमळतात. गोमध्येही ही पद्धत आली. शूसाईचा शेवटचा मोठा डाव १९३८ ला कितानीशी झाला, २६ जून ते ४ डिसेंबर, प्रत्येकी ४० तास, आणि तिथे पाकीट होतं, कितानींनी ते लावून धरलं होतं. मधे म्हाताऱ्याला दवाखान्यात जावं लागलं, डाव थांबला, परत सुरू झाला, पण चाल उघडी ठेवून घरी जायची सोय संपली होती. तो डाव शूसाई पाच गुणांनी हरले. जानेवारी १९४० मध्ये वारले.

पाकीट असतं तर १९३३ चा निकाल बदलला असता असं मी म्हणत नाहीये, दोन डावांत पाच वर्षांचं अंतर आहे आणि आजारपण आहे. पण बाबांचा प्रश्न नोंदींमध्ये जसाच्या तसा घेतोय.

२२ जून, रविवार

ग्रुपवर प्रयोग केला. १५९ चालींपर्यंत डाव मांडला, फक्त एवढंच सांगितलं की पांढऱ्याची चाल आहे, पांढरा अडचणीत आहे, इथे एक जबरदस्त चाल आहे. १० मिनिटं. मोबाइल बाजूला.

तिघांना नाही सापडली. एकाने तीन जागा सांगितल्या, तिन्ही चुकीच्या, चौथी सांगायला लागला तर बाकीच्यांनी गप्प केला. मग म्हटलं ठीक आहे, फोटो काढा, घरी न्या, इंजिन नाही लावायचं, आपापसात बोललात तरी चालेल, बुधवारपर्यंत सांगा. हे सांगताना मला जरा हसूच येत होतं पण कारण सांगितलं नाही.

२५ जून, बुधवार

रात्री ११ ला फोन. सापडली. ज्याच्या तीन जागा चुकल्या होत्या त्यालाच, आणि तीही एकट्याला नाही, दुसऱ्याशी दोन संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पटाचे फोटो पाठवून पाठवून. "अरे पाहिली की इतकी सोपी वाटते!" म्हणाला. आधी सांगितलेल्या जागा कुठे चुकतात हेही त्यांनी बघून ठेवलं होतं. आम्ही चौघं मिळून शूसाईच्या एखाद्या कच्च्या शिष्याच्याही पासंगाला पुरणार नाही, तरी तीन दिवसांत झालं. दहा मिनिटांत शून्य.

मग त्याला सांगितलं तू आज काय केलंस ते. १६० वी चाल तेराव्या दिवशी आली होती.

२९ जून, रविवार

आज फक्त त्या चालीभोवतीची हकिगत लिहिली. बोलवा अशी की १६० शूसाईची नाहीच, त्यांचा शिष्य माएदा नोबुआकीची. आणि हे पटतं, कारण माएदा पुढे गोमधल्या कोड्यांचा देव म्हणून ओळखला गेला, खडे जगतात का मरतात अशी छोटी छोटी कोडी रचणारा. अडचणीत पडलेल्या जागी लपलेली एक चाल शोधणं हे त्याचंच काम. त्याने स्वतः आडून आडून सूचित केलं, आणि शूसाईंना विचारलं तर ते हो पण म्हणाले नाहीत नि नाही पण.

खरा भडका उडाला युद्धानंतर. सेइगेनचे गुरू सेगोए केन्साकू, त्याला जपानला आणणारे तेच, एकदा खासगीत बोलता बोलता हे बोलून गेले की ती चाल माएदाची, आणि ते छापून आलं. होन्इन्बोचे शिष्य चिडले, आणि सेगोएंना निहोन किइनमधलं, म्हणजे जपानच्या गो संघटनेतलं, पद सोडावं लागलं. मला हा माणूस फार आवडतो. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाच्या बाहेर इत्सुकाइची इथे होन्इन्बो किताबाचा डाव चालू होता, हाशिमोतो विरुद्ध इवामोतो, पंच सेगोए. बॉम्बच्या धक्क्याने खोली विस्कटली, खडे उडाले, आवरून परत मांडले आणि त्याच दिवशी डाव पुरा केला. थांबलेला डाव पुन्हा कसा मांडतात हे यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि अशा माणसाचं पद गेलं ते एका वाक्यापायी.

नोंदींमध्ये मी 'चाल कुणाची' हा रकाना ठेवला होता, तो काढून टाकला. १६० च्या पुढे फक्त 'पांढरा, तेरावा दिवस' एवढंच लिहिलंय.

३० जून, सोमवार

आठवा दिवस. या दिवशी घडलं असं की शूसाईंनी एक चाल केली, सेइगेनने दोन मिनिटांच्या आत उत्तर दिलं, मग शूसाई साडेतीन तास विचार करत बसले, आणि नंतर डाव थांबवला. बास. दिवस संपला. दोन खडे.

मी हे नुसतं लिहिलं तर वाचणारा पुढे जाणार, म्हणून म्हटलं बसून बघू. सुट्टी टाकली (ऑफिसात कारण सांगितलं नाही), दुपारी दीडला पट मांडून जमिनीवर बसलो, एक पांढरा ठेवला, दोन मिनिटांत काळा ठेवला, मोबाइलला साडेतीन तासांचा टायमर लावला. गुडघे मोडून जपानी पद्धतीने बसायचं होतं, अकराव्या मिनिटाला मांडी घातली. पहिला अर्धा तास मी खरोखर पट बघत होतो. पुढे पंख्याचा आवाज ऐकत होतो. दोनच्या सुमाराला माझी ती दोन मिनिटांची चाल चुकलीये असं वाटायला लागलं, अडीचला खात्रीच झाली, तीनला वाटलं नाही बरोबर आहे, साडेतीनला परत चुकली. मी काहीच खेळलो नव्हतो हो, ९० वर्षांपूर्वी दुसऱ्याने खेळलेली चाल होती ती! चारला बाबा चहा घेऊन आले, बघितलं, काही न बोलता कप ठेवून गेले.

पाचला टायमर वाजला. उठून पायाला आलेल्या मुंग्या झटकल्या. आता समजा समोरचा म्हणाला, आज इथेच थांबू, आणि तो शिष्यांकडे गेला आणि मी माझ्या खोलीवर.

पट्टीतली आठवी चौकट आतापर्यंत बाकीच्यांएवढीच होती. तिला मोठी केली, चालींसाठी दोन बारीक ठिपके आणि बाकी सगळी कोरी ठेवली.

६ जुलै, रविवार, आषाढी

नोंदी पुऱ्या झाल्या, ग्रुपला पाठवल्या. २५२ चाली, त्यातल्या ४० एक चालींवरच मजकूर, शेवटच्या ५० चालींवर जवळपास काही नाही कारण तिथे गुण मोजण्यापलीकडे काही घडत नाही. आयटीवाला म्हणतो काटागोचा आलेख टाक, टाकला, पण पट्टीच्या खाली.

शेवटच्या पानावर सेइगेनचं एक ओळीत लिहिलंय, की तो २०१४ पर्यंत जगला, १०० वर्षं पुरी करून. पुढच्या काळात त्याने आपल्या बरोबरीच्या सगळ्यांना दहा-दहा डावांच्या सामन्यांत हरवलं, पण ते वेगळं काम आहे, कधीतरी.

संध्याकाळी खिचडी खाऊन बाबा म्हणाले, शिकव जरा मला हे तुझं. नऊ बाय नऊचा छोटा पट घेतला, त्यांना चार खडे आधी दिले. बाबा बुद्धिबळासारखे खेळतात, प्रत्येक खड्याला राजा समजून वाचवतात. तरी वीसेक चालींनंतर मी त्यांचा एक गट कोंडला, आता सुटत नाही म्हटलं. बाबांनी पाच मिनिटं पट बघितला, चष्मा काढून पुसला.

"आज इथे थांबू."

"बाबा, चाल तुमची आहे."

"तेच तर. ज्येष्ठ कोण?"

७ जुलै, सोमवार

सकाळी दात घासून येतो तर बाबांनी खडा ठेवलेला. कोपऱ्यात पहिल्या रेषेवर, एकदम अंगाशी येणारी जागा, गट सुटला आणि उलट माझेच तीन खडे गेले. कालच तर आतारी (खडा पुढच्या चालीत उचलला जाणार अशी अवस्था) म्हणजे काय ते विचारत होते.

भाचा दहावीत आहे, सुट्टीला नाही पण आषाढीला म्हणून रात्री राहायला आला होता, त्याच्या मोबाइलमध्ये गोचं ॲप आहे, मीच टाकून दिलेलं. त्याला विचारलं, आजोबांना तू सांगितलीस का?

पोहे खात होता. हो पण नाही म्हणाला आणि नाही पण.